संशोधन शिष्यवृत्तीचा निकाल पावसाआधी लागावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पीएच.डी.च्या शिष्यवृत्त्यांबद्दल आपल्या वृत्तपत्रात अधूनमधून बातम्या येतात. बहुतेक बातम्या आंदोलनाच्या, रखडलेल्या रकमांच्या किंवा परीक्षेतल्या गोंधळाच्या असतात. त्यांत एक गोष्ट नेहमी मागे राहते. ती मला वाचकांपुढे आणि विशेषतः या योजना चालवणाऱ्या अधिकाऱ्यांपुढे मांडायची आहे. शिष्यवृत्ती किती जणांना मिळते याइतकेच ती वर्षाच्या कोणत्या महिन्यात मिळते यालाही महत्त्व आहे. ज्यांचे संशोधन ऋतूवर अवलंबून आहे त्यांच्यासाठी उशिरा आलेला होकार बराचसा नकारासारखाच ठरतो.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावची. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते आणि जिल्ह्यातल्याच एका संशोधन केंद्रातून पीएच.डी. करते. माझा विषय कातळसड्यांवर पावसाळ्यात उगवणाऱ्या वनस्पतींचा आहे. कोकणाबाहेरच्या वाचकांना सड्याची कल्पना नसेल म्हणून थोडे सविस्तर लिहिते, कारण माझे सगळे म्हणणे त्यावर उभे आहे.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचे सपाट पठार. रत्नागिरी, लांजा, राजापूर, देवगड या भागांत गाव खाली उतारावर आणि डोक्यावर सडा, अशी रचना ठिकठिकाणी दिसते. याच सड्यांवरच्या कातळशिल्पांमुळे बारसू, उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे ही नावे आता सगळीकडे पोचली आहेत. शिल्पे पाहायला येणारी माणसे बहुधा हिवाळ्यात किंवा मे महिन्याच्या सुट्टीत येतात. तेव्हा तिथे काळा दगड आणि वाळलेले गवत याशिवाय काही नसते. उन्हात चपलेच्या तळव्यातून चटका बसतो. अशा जागी झाडापेडांचा अभ्यास कसला करायचा, असे कोणालाही वाटेल.

मृगाचे पाऊस पडले की थोड्याच दिवसांत हे सगळे बदलते. खळग्याखळग्यांत पाणी साचते, दगडावर शेवाळ धरते आणि बोटाच्या पेरभर मातीतून कोंब वर येतात. सुरुवातीलाच दिपकाडी फुलते. कांद्यातून उगवणारी ही पांढऱ्या फुलांची वनस्पती प्रामुख्याने आपल्या कोकणातल्या कातळांवर सापडते आणि तिचा फुलोरा काही आठवड्यांत संपतो. त्यानंतर हबे आमरी येते, गवतांच्या जाती येतात. श्रावण-भाद्रपदात गेंदाची पांढरी बोंडे पाणथळ भागांत पसरतात आणि त्यांच्यामधून सीतेची आसवे निळी-जांभळी दिसू लागतात. ही कीटकभक्षी वनस्पती आहे. सड्याच्या मातीत नत्र फार कमी, म्हणून ती पाण्यातले सूक्ष्म जीव आपल्या बारीक पिशव्यांत पकडून ती तूट भरून काढते. दवबिंदू ही वनस्पतीही जीव पकडून तेच करते, फक्त तिची पद्धत चिकट केसांची. गणपतीच्या दिवसांत सडा भरून वाहत असतो. दसऱ्याला गवत पिवळे पडू लागते आणि दिवाळीनंतर पुन्हा दगड उघडा पडतो. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत जे मोजायचे ते मोजायचे. नोव्हेंबरात गेलात तर बी पडून गेलेले असते आणि ओळख पटवायला फूल नसते.

माझे काम दिसायला साधे आहे. एक मीटर लांब-रुंद चौकट कातळावर मांडायची, तिच्या आत कोणत्या जातीची किती रोपे आहेत ते मोजायचे, मातीची खोली लोखंडी सळीने पाहायची, पाणी किती साचले आहे त्याची नोंद करायची. ठरावीक दिवसांनी त्याच जागी पुन्हा जाऊन तेच करायचे. नमुने गोळा करून वर्तमानपत्रात दाबायचे आणि पावसात ऊन नसल्यामुळे बल्बच्या किंवा शेगडीच्या उबेवर वाळवायचे, नाहीतर दोन दिवसांत बुरशी धरते. मग ते नमुने पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रातल्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, नेऊन जुन्या नमुन्यांशी ताडून पाहायचे. यातला एखादा पंधरवडा चुकला तर तो पुढच्या वर्षीच भरून काढता येतो, आणि पुढच्या वर्षीचा पाऊस या वर्षीसारखा नसतो. म्हणून निदान दोन-तीन पावसाळे सलग मोजल्याशिवाय खात्रीने काही म्हणता येत नाही.

शिवाय सडा जागेवर राहीलच असेही नाही. चिरेखाणी वाढत आहेत. जेसीबीने कातळ सपाट करून, खड्डे फोडून, बाहेरची माती आणून हापूसची कलमे लावली जातात. त्यातल्या कोणालाही मी दोष देत नाही. माझ्या वडिलांचीही थोडी कलमे आहेत आणि आमचे घर चिऱ्याचेच आहे. पण ज्या जागी मी एका पावसाळ्यात चौकट मांडून दिपकाडीची रोपे मोजली, तिथे पुढच्या पावसाळ्याआधी खाण सुरू झाली हे खरे आहे. त्या जागेची दुसऱ्या वर्षाची नोंद आता कोणालाच करता येणार नाही, शिष्यवृत्ती असो वा नसो.

आता शिष्यवृत्तीकडे येते.

पीएच.डी. करणाऱ्याला जगण्यापुरते पैसे मिळण्याचा मुख्य मार्ग म्हणजे जेआरएफ, अर्थात कनिष्ठ संशोधन फेलोशिप. १ जानेवारी २०२३ पासून तिची रक्कम दरमहा ३७,००० रुपये झाली आणि दोन वर्षांनंतर एसआरएफ (वरिष्ठ संशोधन फेलोशिप) झाल्यावर ४२,००० रुपये मिळतात. घरभाडे वेगळे. ही रक्कम चांगली आहे आणि ती वाढवल्याबद्दल मला खरोखर समाधान वाटते, कारण त्याआधी ३१,००० आणि ३५,००० होते. आमच्या विषयासाठी ती सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळते. लाइफ सायन्सेसचा पेपर तीन तासांचा, २०० गुणांचा, चुकीच्या उत्तराला गुण कापणारा. अभ्यासक्रमाचे तेरा भाग आहेत. रेणू, पेशी, जनुके, शरीरक्रिया, विकासात्मक जीवशास्त्र असे करत करत जीवांची विविधता हा त्यातला एक भाग आणि परिसंस्था हा आणखी एक. सड्यावर बसून गेंदाच्या दोन जातींमधला फरक भिंगातून सांगू शकणाऱ्या मुलीला तिथे प्रथिनांच्या घड्या आणि पेशींमधले संदेशवहन यावर गुण मिळवावे लागतात. मी ते अभ्यासले, मला त्यातही गोडी वाटली आणि मी सहायक प्राध्यापकपदासाठी पात्र ठरले. जेआरएफसाठी लागणाऱ्या गुणांपर्यंत मात्र पोचले नाही. स्पर्धा आहे, माझ्यापेक्षा जास्त गुण मिळवणारे पुढे गेले, याबद्दल माझी काही तक्रार नाही.

एक गोष्ट मात्र नोंदवते. ही परीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर अशा सत्रांत होते. जून म्हणजे आमच्या कामाची सुरुवात. २०२४ साली १८ जूनला झालेली इतर विषयांची यूजीसी-नेट दुसऱ्याच दिवशी रद्द झाली आणि ती २१ ऑगस्टपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत पुन्हा घेतली गेली. सीएसआयआरची २५ ते २७ जूनची परीक्षा ऐन वेळी पुढे ढकलून जुलैच्या त्याच तारखांना घेतली. देशभरातल्या लाखो मुलांना त्याचा मनस्ताप झाला, त्यात आमच्यासारख्यांचे आणखी एक नुकसान असे की परीक्षा पुढे गेली ती थेट फुलोऱ्याच्या मध्यावर. मुंबई-पुण्याला केंद्र, जाण्यायेण्याचे दोन दिवस, आधीच्या महिन्याचा अभ्यास. तेवढ्यात दिपकाडी येऊन गेलेली असते.

जेआरएफ नाही तर दुसरे काय, असे विचारणारे हितचिंतक भेटतात. इन्स्पायर फेलोशिप मुख्यतः विद्यापीठात पहिल्या आलेल्यांसाठी आहे. पंतप्रधान संशोधन फेलोशिपमध्ये पहिल्या दोन वर्षांना दरमहा ७०,००० रुपये मिळतात, पण ती आयआयटी, आयआयएस्सी, आयसर अशा ठरावीक संस्थांत प्रवेश घेणाऱ्यांना. संलग्न महाविद्यालयाच्या संशोधन केंद्रातून, घरी राहून, आपल्याच जिल्ह्याचा अभ्यास करणाऱ्याला ते दार नाही. आणि कातळसड्याचा अभ्यास करायचा तर सड्याजवळ राहणेच शहाणपणाचे. पाऊस किती पडला, कुठला खळगा भरला, कुठल्या धनगरवाड्याच्या बाजूला अजून गुरे चढली नाहीत, हे गावात राहणाऱ्याला कळते.

उरतात राज्य सरकारच्या योजना. बार्टी, सारथी, महाज्योती, आदिवासी संशोधन संस्था या वेगवेगळ्या समाजघटकांसाठीच्या सरकारी संस्थांच्या फेलोशिपमुळे महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत पहिली पीएच.डी. झाली आहे. माझ्या ओळखीतच अशी माणसे आहेत. या योजना बंद पडाव्यात किंवा त्यांच्यावर कोणी बोट ठेवावे म्हणून मी हे पत्र लिहीत नाही. त्या नीट चालाव्यात, एवढ्यासाठीच लिहिते आहे.

मी अशाच एका शासकीय योजनेत अर्ज केला. जाहिरात निघाली तेव्हा सडा सुकला होता. मला वाटले, बरे झाले, आता अर्ज, मुलाखत, निकाल सगळे पुढच्या पावसाआधी आटपेल. अर्जाची कागदपत्रे बरीच होती. नोंदणीचे पत्र, मार्गदर्शकांची शिफारस, संशोधन केंद्राचे प्रमाणपत्र, अधिवास, उत्पन्नाचा दाखला, सगळ्या गुणपत्रिका, शिवाय संशोधन आराखडा. आराखड्यात कामाचे महिनावार वेळापत्रक द्यायचे होते. मी ते मनापासून केले. जूनच्या पहिल्या आठवड्यात चौकटी मांडणे, जुलैत पहिली मोजणी, असे ऑक्टोबरपर्यंत लिहिले आणि खाली एक ओळ घातली की हे काम पावसाळ्याबाहेर करता येत नाही. सरांनी ती ओळ अधोरेखित करायला सांगितली.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगते, कारण माझ्यासारख्या बहुतेकांचे तेच झालेले आहे. अर्जाची मुदत वाढली. छाननी लांबली. पात्र उमेदवारांची यादी आली, तिच्यावर हरकती मागवल्या, मग सुधारित यादी आली. मुलाखतीची तारीख आली तेव्हा पाऊस सुरू झालेला होता. मुलाखत घेणाऱ्यांमध्ये दोघे जण आस्थेने बोलले. एकांनी विचारले की या गवताच्या अभ्यासाचा लोकांना उपयोग काय. प्रश्न रास्त होता आणि मी त्याचे उत्तर पूर्ण दिले. सड्यावर पडलेले पाणी खालच्या वाडीतल्या झऱ्यांना आणि विहिरींना मिळते असा गावातल्या जाणत्यांचा अनुभव आहे, तिथली गवते गुरांची वैरण आहेत, आणि कुठला सडा फोडला तर काय कायमचे जाईल हे ग्रामपंचायतीला सांगायचे असेल तर आधी तिथे काय आहे याची यादी हवी. ती यादी आज बहुतेक सड्यांची झालेली नाही. ऐकून घेतले. त्यानंतर मी बाहेर येऊन निकालाची वाट पाहू लागले आणि निकाल लागेपर्यंत गवत पुन्हा पिवळे पडले होते.

या वाट पाहण्यात एक अट फार अवघड जाते, ती बाहेरच्यांना माहीत नसते. फेलोशिप घेणाऱ्याने पूर्णवेळ संशोधन करायचे, दुसरीकडे पगार घ्यायचा नाही, असा नियम आहे आणि तो बरोबर आहे. पण निवड कधी होणार हेच माहीत नसेल तर जूनमध्ये महाविद्यालयाला काय सांगायचे? तासिकांची नेमणूक शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला होते. तास घेतले तर फुलोऱ्याच्या दिवसांत आठवड्यातले चार दिवस वर्गात जातात. घेतले नाहीत आणि फेलोशिपही आली नाही, तर वर्षभर हातात काहीच नाही. मी तास घेतले. आईचे म्हणणेही तेच पडले. "हातातला सोडू नको, त्यांचा यायचा तेव्हा येईल." शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सड्यावर गेले. एसटी थांब्यापासून सडा लांब, पावसात चालत सामान नेता येत नाही, म्हणून रिक्षा ठरवायची. ती दिवसभर थांबवून ठेवली तर तासिकांच्या मानधनातले बरेचसे तिथेच संपते, आणि ते मानधनही दरमहा येत नाही. त्या पावसाळ्यातल्या माझ्या नोंदी अर्धवट आहेत. प्रबंधात त्या वापरायच्या की नाही यावर सर आणि मी अजून विचार करतो आहोत.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला जास्तीत जास्त सहा वर्षे मिळतात, स्त्रियांना आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते. ही मुदत प्रवेशापासून मोजतात, फेलोशिपपासून नाही. सहा वर्षे म्हणजे माझ्या विषयात सहा पावसाळे. त्यातला एक अर्ज करण्यात आणि एक निकालाची वाट पाहण्यात गेला, तर उरलेल्यांत दुष्काळाचे वर्ष एखादे येणारच, आणि शेवटचे वर्ष लिहिण्यासाठी लागते.

हे फक्त माझ्यापुरते असते तर मी वृत्तपत्राला लिहिले नसते. मराठवाड्यातली माझी एक मैत्रीण ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शिक्षणावर काम करते. कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि हंगाम संपल्यावर, उन्हाळ्यात परततात. तिला त्यांच्याबरोबर पश्चिम महाराष्ट्रात, कोप्यांवर, म्हणजे त्यांच्या झोपड्यांच्या तळावर, जाऊन राहायचे आहे. पैसे फेब्रुवारीत आले तर ती निम्मा हंगाम आधीच गमावून बसते. सिंधुदुर्गातला आमच्या ओळखीचा एक मुलगा दशावतारावर काम करतो. त्याचा हंगाम कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की लागतो आणि पावसाच्या तोंडाशी संपतो. वारीवर काम करणाऱ्याला ज्येष्ठ-आषाढच हवेत. पक्ष्यांचे स्थलांतर हिवाळ्याचे, पुरातत्त्वाचे उत्खनन कोरड्या महिन्यांचे, मासेमारीचा अभ्यास बंदीच्या आधीचा आणि नंतरचा. प्रत्येकाचा महिना वेगळा आहे हे मला मान्य आहे, सगळ्यांना सोयीची एकच तारीख सापडणार नाही. पण तारीख आधी कळली तर प्रत्येक जण आपापला हंगाम तिच्याभोवती बसवू शकतो. आज ती कळतच नाही.

निवड परीक्षेने व्हावी की मुलाखतीने, यावर वाद आहेत. परीक्षेला माझा विरोध नाही. जागा थोड्या आणि अर्ज जास्त असतील तर काहीतरी चाळणी लागणारच. पण ती नीट घेतली पाहिजे. सारथी, बार्टी आणि महाज्योती यांच्या फेलोशिपसाठी २४ डिसेंबर २०२३ ला घेतलेल्या सामाईक परीक्षेत २०१९ च्या सेट (राज्याच्या सहायक प्राध्यापक पात्रता) परीक्षेतलीच प्रश्नपत्रिका आल्याची तक्रार झाली. परीक्षा १० जानेवारी २०२४ ला पुन्हा घेतली, तर त्या दिवशीही काही केंद्रांवर प्रश्नपत्रिकांच्या सीलबद्दल आक्षेप घेऊन विद्यार्थ्यांनी बहिष्कार टाकला. वर्षभर तयारी केलेल्या मुलांनी परीक्षागृहातून बाहेर येऊन रस्त्यावर उभे राहावे, ही गोष्ट वाचताना मला फार वाईट वाटले. त्याच्या आधी २०२३ च्या सुरुवातीला संशोधक विद्यार्थी मुंबईत आझाद मैदानावर आठवडेच्या आठवडे बसून होते. त्या प्रत्येक आठवड्यात कोणाची तरी प्रयोगशाळा बंद होती, कोणाच्या तरी मुलाखती राहून गेल्या होत्या. निर्णय कोणाच्या बाजूने लागला याची नोंद होते. गेलेल्या महिन्यांची कुठेही होत नाही.

आमच्या योजनेच्या कार्यालयात मी फोन केला तेव्हा पलीकडून बोलणाऱ्या बाई सौजन्याने बोलल्या. त्या म्हणाल्या, "ताई, आमच्या हातात काही नाही. अनुदान आल्याशिवाय आम्ही यादी लावली तर तुम्हीच पैसे कुठे म्हणून विचाराल." त्यांचे खरे आहे. अर्थसंकल्प मार्चमध्ये मंजूर होतो, निधी टप्प्याटप्प्याने खाली येतो, मध्ये आचारसंहिता लागते, अधिकारी बदलतात. हे सगळे मी समजू शकते. पण एप्रिलमध्ये आर्थिक वर्ष सुरू होते हे काही दरवर्षी नव्याने ठरत नाही. शाळांच्या गणवेशाचे, बी-बियाण्यांचे, खतांचे नियोजन सरकार मृग डोळ्यांपुढे ठेवूनच करते. शेतकऱ्याला बियाणे ऑगस्टमध्ये देऊन चालत नाही हे प्रत्येक कृषी सहायकाला माहीत आहे. संशोधनालाही पेरणीची वेळ असते, एवढेच माझे म्हणणे आहे.

म्हणून माझी पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची मागणी अशी की फेलोशिपची जाहिरात दरवर्षी एका ठरलेल्या महिन्यात निघावी. डिसेंबर असावा असे मला वाटते. एप्रिलअखेर निवड यादी लागावी आणि मेअखेर निवड झालेल्याच्या हातात रुजू होण्याचे पत्र असावे. पैसे महिनाभर मागे-पुढे झाले तर चालतील, उसनवारी करता येते. पत्र हातात असेल तर माणूस तासिका सोडायच्या की नाही हे ठरवू शकतो, मार्गदर्शक कामाची आखणी करू शकतात, घरच्यांना काही सांगता येते. जाहिरात लांबणार असेल तर तेही संकेतस्थळावर एका ओळीत लिहावे. "लवकरच" या शब्दावर विसंबून पावसाळ्याचे नियोजन करता येत नाही.

दुसरे म्हणजे हंगामी काम करणाऱ्यांना आकस्मिक खर्चाची रक्कम आगाऊ मिळावी. यूजीसीच्या फेलोशिपमध्ये विज्ञान शाखेला पहिल्या दोन वर्षांत वर्षाला १२,००० रुपये आकस्मिक खर्चासाठी आहेत. पद्धत अशी की आधी स्वतः खर्च करायचा, बिले जमवायची, उपयोगिता प्रमाणपत्र जोडायचे आणि मग पैसे यायचे. सड्यावर नेणारा रिक्षावाला छापील बिल देत नाही. वाट दाखवायला बरोबर येणाऱ्या गुराख्याला मी जे देते त्याची पावती कोणत्या नमुन्यात घ्यायची? मार्गदर्शकांच्या सहीचे साधे प्रमाणपत्र अशा खर्चासाठी ग्राह्य धरावे. रक्कम मोठी नाही, गैरवापराला फारशी जागा नाही, आणि नंतरच्या हप्त्यातून ती वळती करून घेता येते.

आणि ज्यांची निवड होत नाही त्यांना त्यांचे गुण आणि आराखड्याबद्दल दोन-चार ओळी मिळाव्यात. माझ्या यादीत माझ्या नावापुढे फक्त निवड न झाल्याचा शेरा होता. आराखडा कमी पडला, मुलाखत कमी पडली, की विषयच कोणाला महत्त्वाचा वाटला नाही, हे मला आजही माहीत नाही. पुढच्या वेळी काय सुधारू? पावसाळी वनस्पतींवरचा आराखडा त्या शाखेतल्या माणसाने वाचावा, हीही अपेक्षा फार मोठी नसावी. राज्यातल्या विद्यापीठांत वनस्पतिशास्त्राचे चांगले जाणकार आहेत, त्यांच्याकडे आराखडे ईमेलने पाठवता येतात, त्यासाठी कोणाला प्रवासभत्ताही द्यावा लागणार नाही.

यंदा मी पुन्हा अर्ज करणार आहे. कागदपत्रांची फाईल तयार आहे, फक्त उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून नवा काढायचा राहिला आहे. माझ्याबरोबर आमच्या केंद्रातली आणखी दोन मुले आहेत. त्यातला एक खाडीतल्या कांदळवनांवर काम करतो, दुसरी भाताच्या जुन्या वाणांवर, म्हणजे तिचाही हंगाम जूनमध्येच सुरू होतो. आम्हा तिघांनाही जाहिरात कधी निघेल हे कोणी सांगू शकलेले नाही. आपल्या वाचकांमध्ये संबंधित खात्यांतले, संस्थांतले, विद्यापीठांतले अधिकारी नक्की असतील. त्यांच्यापैकी कोणी याच सदरात पुढच्या वर्षीचा महिना सांगितला तर आम्ही त्याप्रमाणे महाविद्यालयाला कळवू. आणि ज्या संशोधक विद्यार्थ्यांचा एखादा हंगाम असाच हातचा गेला आहे त्यांनीही आपला विषय, जिल्हा आणि महिना लिहून आपल्याकडे पाठवावा, म्हणजे हे निवेदन एकटीचे राहणार नाही.

आपली,
एक संशोधक विद्यार्थिनी,
जि. रत्नागिरी
(पुन्हा अर्ज करायचा असल्याने नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)